दुर्ग आणि ओलीस

कौटिल्यानें राज्याच्या सात प्रकृतींत दुर्ग गणिला. आज्ञापत्रानें त्यास स्वतंत्र प्रकरण दिलें. शत्रूस जरब बसे ती तटाची. अण्वस्त्रांनीं हा न्याय उलटविला. २६ मे १९७२ रोजीं मॉस्को येथें अमेरिका व सोव्हिएट संघ यांनीं करार करून क्षेपणास्त्रें अडविणाऱ्या अस्त्रांवर मर्यादा घातली : प्रत्येकास दोनच स्थळें, दर स्थळीं फार तर शंभर अस्त्रें. कारण, ज्याचा तट अभेद्य तो प्रथम प्रहारास धजेल. म्हणजे उभय राष्ट्रांनीं आपले प्रजाजनच परस्परांस ओलीस दिले. २००२ सालीं अमेरिकेनें हा करार सोडला. ओलीस मात्र सुटले नाहींत. जुन्या तहांत ओलिसांस मुदत असे. १७९२ सालीं टिपूनें इंग्रजांस दोन पुत्र ओलीस दिले. ते १७९४ सालीं परतले. या कोट्यवधि ओलिसांच्या सुटकेची मुदत अण्वस्त्रधारी राष्ट्रांनीं कोणत्याही तहनाम्यांत घातलेली नाहीं.