राखणीच्या कुत्र्याला कच्चं मटण द्यावं का? चिपळूणच्या वाड्यांमध्ये खरा धोका काळीज-फुफ्फुसांचा आहे

असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. मोठ्या ताटात कच्चं चिकन, वर दोन अंडी, बाजूला कलेजी आणि समोर लाळ गाळत बसलेला रॉटवायलर. खाली कमेंटमध्ये दोन गट. एक म्हणतो, 'कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला कच्चंच पाहिजे.' दुसरा म्हणतो, 'रक्ताची चटक लागेल, उद्या माणसावर जाईल.'

दोन्ही गटांचं म्हणणं चुकतं. आणि चिपळूण तालुक्यातल्या एखाद्या वाडीत राखणीचा कुत्रा असेल, तर त्याच्या तोंडात जाणारं 'कच्चं' हे रीलमधल्या चिकनपेक्षा फार वेगळं असतं.

'कच्चं द्या' हे खूळ आलं कुठून?

कुत्र्याला कच्चं मांस आणि हाडं देण्याच्या पद्धतीला 'बार्फ' म्हणतात. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांच्या १९९३च्या पुस्तकानंतर ती जगभर पसरली. त्यांचा मुद्दा असा, की पाकिटबंद कोरडं खाद्य अगदी अलीकडचं आहे आणि त्याआधी कुत्रा मांस-हाडांवरच जगत होता.

यात तथ्य आहे, पण अर्धंच. २०१३मध्ये 'नेचर' या नियतकालिकात स्वीडनच्या संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचवणारं विकर तयार करणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त निघाल्या. माणसाच्या चुलीजवळ हजारो वर्षं राहून कुत्रा भात-भाकरी पचवायला शिकला आहे. म्हणजे कोकणातला भात खाणारा कुत्रा काही निसर्गाविरुद्ध वागत नाही.

कामाच्या कुत्र्यांसाठी कच्च्या मांसाचं समर्थन करताना अलास्कातल्या स्लेज कुत्र्यांचं उदाहरण हमखास दिलं जातं. ती कुत्री शर्यतीत सुमारे १,६०० किलोमीटर बर्फातून गाडी ओढतात आणि दिवसाला १०,००० कॅलरींच्या घरात खातात. तिथे चरबीयुक्त मांस लागतंच. आपल्याकडचा साधारण २० किलोचा, रात्रभर वाड्याभोवती फिरणारा आणि बिबट्याचा वास आला की भुंकणारा कुत्रा घ्या. त्याची गरज ढोबळमानाने १,१०० ते १,३०० कॅलरी. ती भात, अंडी, शिजवलेलं मांस आणि थोडी चरबी यांतून सहज भागते.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. बऱ्याच घरांत कुत्र्याला नुसता भात आणि ताक मिळतं. त्यात प्रथिनं फारच कमी. अशा कुत्र्याला मांस मिळालं की अंगावर तकाकी येते, तो तरतरीत होतो, आणि मालक श्रेय 'कच्च्या'ला देतो. खरं श्रेय मांसाचं असतं. तेच मांस उकडून दिलं तरी फरक तेवढाच दिसेल.

मग वाडीतल्या कुत्र्याला कच्चं काय मिळतं?

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याची गावं, डोंगरउतारावरचे धनगरवाडे, आंबा-काजूच्या बागा, शेळ्यांचे गोठे. इथला कुत्रा हौसेचा नसतो. शेळ्यांवर बिबट्या येऊ नये, बागेत माकडं आणि शेतात रानडुक्कर घुसू नये, यासाठी तो ठेवलेला असतो. त्याच्यासाठी कोणी चिपळूणच्या बाजारपेठेतून किलोच्या भावाने मटण आणत नाही.

त्याच्या वाट्याला येतं ते माणूस खात नाही ते. गटारीला, जत्रेला, गावच्या राखणीला घरी किंवा देवापाशी बोकड कापला, की बरं दिसणारं काळीज माणसांच्या ताटात जातं. फुफ्फुस, आतडी, डागाळलेल्या काळजाचा तुकडा, कधी मुंडी, हे कुत्र्यासमोर पडतं. आजारी पडून मेलेली शेळी कुत्र्यांना टाकून देणंही अनेकांना वावगं वाटत नाही. कत्तलखान्यात निदान पशुवैद्याची तपासणी अपेक्षित असते. परसात कापलेल्या बोकडाचं काळीज मात्र कोणी तपासत नाही.

काळजातली 'पाण्याची गाठ'

कधी कधी जनावराच्या काळजावर किंवा फुफ्फुसावर पांढुरके, पाण्याने भरलेले फुगे दिसतात. खाटकाच्या हाताला ते रोजचेच. ही असते हायडॅटिड गाठ, म्हणजे इकायनोकॉकस नावाच्या टेपवर्मची अळी-अवस्था.

हा तुकडा कुत्र्याने कच्चा खाल्ला, की गाठीतल्या अळ्या त्याच्या आतड्यात चिकटतात आणि साधारण सहा आठवड्यांत प्रौढ होऊन अंडी सोडू लागतात. हा कृमी जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. कुत्र्याच्या पोटात असे शेकडो असले तरी तो नेहमीसारखाच खातो, पळतो, भुंकतो. मालकाला शंका यायचं कारणच उरत नाही.

अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. गवतावरची अंडी शेळ्या-म्हशींच्या पोटात जातात आणि चक्र पुन्हा सुरू होतं. कुत्र्याच्या केसांना चिकटलेली अंडी त्याला कुरवाळणाऱ्या मुलाच्या हातावर आणि तिथून तोंडात जातात. परसातल्या न धुतलेल्या भाजीवरूनही जाऊ शकतात. ओल्या, सावलीच्या जागेत ती महिनोन्‌महिने टिकतात, आणि कोकणात ओल आणि सावलीची वानवा नाही. साध्या फिनाईलने ती मरत नाहीत. उकळतं पाणी किंवा कडक ऊन लागतं.

माणसात ही गाठ बहुतेक वेळा यकृतात वाढते, त्याखालोखाल फुफ्फुसात. वाढ इतकी संथ, की लहानपणी झालेला संसर्ग तिशीत दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडू शकतो. उपचार म्हणजे अल्बेंडाझोलचा लांबलचक कोर्स, सुईने गाठीतला द्रव काढणं किंवा शस्त्रक्रिया. गाठ पोटात फुटली तर जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होऊ शकते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गाठ असलेली कलेजी खाऊन माणसाला हा आजार होत नाही. तो होतो कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांमुळे. म्हणजे कलेजी माणसाने खाल्ली तर साखळी तुटते, कुत्र्याला कच्ची टाकली तर ती पूर्ण होते. महाराष्ट्रातल्या कत्तलखान्यांमधल्या तपासण्यांत या गाठी शेळ्यांपेक्षा गाई-म्हशींमध्ये जास्त आढळल्या आहेत. स्वस्त मिळतं म्हणून म्हशीचं फुफ्फुस आणून कुत्र्याला घालणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

मुंडीची गोष्ट वेगळी, पण तितकीच महाग पडणारी. शेळ्या-मेंढ्यांच्या मेंदूत दुसऱ्या एका टेपवर्मची गाठ होते. मग शेळी मान वाकडी करून एकाच जागी गोल फिरत राहते आणि बहुतेकदा मरते. तिची मुंडी कुत्र्याला टाकली, की तोच कुत्रा चरायच्या कुरणात अंडी पसरवतो. राखणीला ठेवलेलाच कळप संपवायला कारण ठरतो, आणि त्याला तसं करायला लावणारे आपणच.

सुपारीतलं औषध आणि न्यूझीलंडची कुत्री

मेंढ्या आणि कामाची कुत्री जिथे जिथे आहेत तिथे हा प्रश्न आला आहे. १९व्या शतकात आइसलंड या आजाराने बेजार होतं. १८६४मध्ये तिथे माहितीपुस्तिका छापून घरोघर पोहोचवली गेली. सल्ला साधा होता: कापलेल्या जनावरांचे गाठी असलेले अवयव कुत्र्यांपासून दूर ठेवा, पुरा किंवा जाळा. पुढे कायदे आले आणि काही दशकांत आजार हटला.

न्यूझीलंडने १९५९मध्ये कायदा केला. कच्चे अवयव कुत्र्याला घालायला बंदी आली आणि मेंढपाळांना ठरलेल्या जागी कुत्री आणावी लागत. तिथे त्यांना जुलाबाचं औषध देऊन विष्ठा तपासली जाई. ते औषध होतं अ‍ॅरेकोलिन, म्हणजे सुपारीतला मूळ घटक. (म्हणून कुत्र्याला सुपारी चारायला जाऊ नका. ती विषारी ठरू शकते, आणि आता त्याहून कितीतरी चांगली औषधं आहेत.) २००२मध्ये न्यूझीलंडने आपण या आजारातून जवळपास मुक्त झाल्याचं जाहीर केलं.

आणि कोंबडी?

कोंबडीत हायडॅटिडचा प्रश्न नाही. तिथे अडचण साल्मोनेला, ई-कोलायसारख्या जिवाणूंची. कुत्रा ते बऱ्याचदा पचवतो, पण विष्ठेतून आणि चाटण्यातून घरात पसरवत राहतो. लहान मूल, गरोदर बाई किंवा वृद्ध माणूस घरात असेल तर हा धोका मोठा. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१२पासून कच्चं मांस न देण्याचीच भूमिका घेतली आहे.

दुसरी भीती बर्ड फ्लूची. डिसेंबर २०२४मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि तपासणीत एच५एन१ विषाणू निघाला. थायलंडमध्ये २००४ साली कच्च्या कोंबड्या खाणाऱ्या सुमारे दीडशे वाघांना एकाच केंद्रात जीव गमवावा लागला होता. कुत्री मांजरवर्गाइतकी नाजूक नसली तरी सुरक्षितही नाहीत. त्याच वर्षी थायलंडमध्ये बाधित बदक खाल्लेला एक कुत्राही मेला होता. पोल्ट्रीत अचानक मेलेल्या कोंबड्या कुत्र्याला घालणं म्हणूनच सगळ्यात वाईट सवय.

शिकारीचा वाटा

रानडुकराची शिकार झाली की आतडी-काळीज कुत्र्यांचं, ही जुनी रीत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२नुसार कुत्री सोडून प्राण्याचा पाठलाग करणं हीसुद्धा शिकारच आहे आणि तो गुन्हा आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर वनविभागाकडे अर्ज करण्याचा मार्ग वेगळा. तब्येतीच्या बाजूनेही हा वाटा महागात पडू शकतो. युरोप-अमेरिकेत रानडुकराचं कच्चं मांस खाल्लेली शिकारी कुत्री औजेस्की नावाच्या विषाणूजन्य आजाराने एक-दोन दिवसांत मेल्याच्या नोंदी आहेत.

कच्चं खाऊन कुत्रा पिसाळतो का?

नाही. पिसाळणं म्हणजे रेबीज, आणि तो मुख्यतः बाधित प्राण्याच्या चाव्यातून येतो. रक्ताच्या चवीने कुत्रा माणसावर जातो यालाही आधार नाही. मात्र आवडीचं हाड तोंडात असलेला कुत्रा ते राखतो, आणि त्या क्षणी मूल जवळ गेलं तर चावू शकतो. त्यात रक्ताचा संबंध नाही, हाडाचा आहे.

द्यायचंच असेल तर

अवयवांचे तुकडे करून, पाणी उकळायला लागल्यापासून किमान अर्धा तास उकडा. हायडॅटिडच्या गाठींसाठी एवढं पुरतं, आणि मांसातले जिवाणूही मरतात. उणे २० अंशांवर सलग आठवडा-दहा दिवस गोठवूनही गाठी निकामी होतात, पण साल्मोनेला गोठवल्याने मरत नाही. शिवाय पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात घरच्या फ्रीजवर विसंबण्यात अर्थ नाही. चूल आणि जुनं पातेलं जास्त भरवशाचं. उकडल्यावर हाडं काढून टाका, कारण शिजलेल्या हाडाच्या अणकुचीदार फाका होतात आणि आतड्यात रुततात. पिल्लांना नुसतं मांसही पुरत नाही, त्यात कॅल्शियम फार कमी असतं.

फुगे दिसणारं काळीज-फुफ्फुस उकडायच्याही भानगडीत न पडता जाळा, किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतकं खोल पुरून वर दगड ठेवा. पहिल्या मोठ्या पावसात वरची माती वाहून जाते, त्यामुळे वहाळाच्या किंवा उताराच्या जागी पुरू नका.

राहिली जंताची गोळी. नुसत्या गोलकृमींवरच्या गोळीने टेपवर्म मरत नाही. त्यासाठी प्राझिक्वांटेल लागतं, वजनानुसार, वर्षातून किमान चार वेळा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारताना 'कुत्रा कच्चं काळीज-फुफ्फुस खातो' हे स्वतःहून सांगा, नाहीतर साधी गोळी हातात मिळू शकते. हे औषध कृमी मारतं, अंडी नाही. म्हणून गोळी दिल्यावर दोन-तीन दिवस कुत्रा बांधून ठेवा आणि त्याची विष्ठा गोळा करून जाळा.