माणदेशातील स्थलांतरितांची पत

माण नदीच्या खोऱ्यातील साताऱ्याचा माण तालुका, सांगलीचा आटपाडी तालुका आणि त्यांच्या भोवतालचा दुष्काळी पट्टा मिळून बनलेला माणदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येत असल्याने पिढ्यान्‌पिढ्या माणसे बाहेर पाठवीत आला; मात्र बाहेर पडलेल्यांनी धंद्याचे भांडवल कोठून उभे केले, याची चर्चा क्वचितच होते.

कागदोपत्री सहकारी कर्जाची वाट १९०४ च्या कायद्याने खुली झाली होती. जर्मनीतील रायफायझेन यांच्या नमुन्यावर बेतलेल्या ग्रामीण पतसंस्थेत, म्हणजे सभासदांच्या पैशातून सभासदांनाच कर्ज देणाऱ्या संस्थेत, जबाबदारी अमर्याद असे; एकाने कर्ज बुडवले तर ते इतरांच्या अंगावर येई आणि म्हणून एकमेकांची ऐपत जाणणारे शेजारीच एकत्र येत. गाव सोडून जाणारा या रचनेत बसत नव्हता, आणि जिरायत जमिनीच्या तारणाला किंमत ती काय असणार! १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पत पाहणीतही शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के आढळला.

खानापूर, आटपाडी, माण, खटाव या भागांतून केरळपासून पंजाबपर्यंत पसरलेल्या गलाई व्यावसायिकांनी त्यामुळे आपली पत नात्यागोत्यातच उभारली. गलाई म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचा धंदा. मुशीत टाकणखारासह धातू वितळवायचा, सोन्यात चांदीचे प्रमाण वाढवून तो नायट्रिक आम्लात टाकायचा, चांदी विरघळली की तळाशी उरलेले सोने वेगळे काढायचे आणि त्या द्रावणात तांब्याचे पत्रे सोडून चांदीही परत मिळवायची, असे हे धुरात आणि आम्लाच्या वाफेत चालणारे काम आहे. हातात परक्याचे सोने असल्याने दुकानदार मदतनीस म्हणून गावाकडचा, शक्यतो भावकीतला मुलगाच आणी. तो काम शिकून सराफांच्या ओळखीचा झाला की त्याच नात्याच्या आधाराने स्वतःची भट्टी पेटवी. या व्यवस्थेला दस्तऐवज लागत नव्हता हे खरे, परंतु ती भावकीबाहेरच्यांना आणि स्त्रियांना जवळजवळ बंदच होती, हेही तितकेच खरे.

माणदेशातच रस्त्याकडेला राहून पोट भरणाऱ्यांना तर हाही आधार नव्हता. म्हसवड येथे लोहारकाम करणाऱ्या एका स्त्रीला पावसाळ्यापूर्वी डोक्यावर प्लास्टिकचा कागद घालता यावा म्हणून बचत करायची होती, पण रक्कम किरकोळ म्हणून बँकांनी खाते नाकारले. यातूनच चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँकेची कल्पना आकाराला आली. प्रवर्तक स्त्रिया निरक्षर असल्याचे कारण देऊन रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, तेव्हा त्या लिहा-वाचायला शिकून पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करण्यात आपण अधिकाऱ्यांना हार जाणार नाही, असे त्यांनी ठणकावले. परवाना १९९७ मध्ये मिळाला. मजुरी बुडवून बँकेत येणे परवडत नाही म्हणून पुढे बँकच त्यांच्या दारी जाऊ लागली, आणि घरी पासबुक सापडले की नवरा पैसे मागतो, ही अडचणही व्यवहाराची पद्धत ठरवताना विचारात घेतली गेली. तारणापेक्षा कर्जदाराचे रोजचे जगणे पाहणारा हा विचार सहकाराच्या मूळ कल्पनेला धरूनच होता. तरीही १९०४ च्या कायद्यापासून तो माणदेशातील रस्त्यावरच्या स्त्रीपर्यंत पोहोचायला ९३ वर्षे लागली.