रानफळांचा बहर आणि ऋतूचे भाकीत

संक्रांतीच्या आठवड्यात भिलाईच्या वैशालीनगरात बोरांना मान येतो. पोलाद कारखान्याच्या सेक्टरांबाहेर वाढलेल्या या वसाहतीत विदर्भातून येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत. त्यांना सुगडात घालायला ऊस, हरभरा, तिळगूळ यांबरोबर बोरे लागतात. आणि घरात लहान मूल असले तर बोरन्हाणासाठी ओंजळभर अधिक लागतात. छत्तीसगडी बोलीत या फळाला ‘बोईर’ म्हणतात. ज्या प्रदेशात शिवरीनारायण आहे आणि शबरीची कथा जिथे लोक आपल्याच गावची म्हणून सांगतात, तिथे बोराचे कौतुक वेगळे सांगायला नको.

तथापि बोरांचा बहर दर वर्षी सारखा नसतो. एखाद्या वर्षी बोरी फळांनी वाकते, एखाद्या वर्षी तिच्या काट्यांखेरीज हाती काही लागत नाही. अशा वेळी मनुष्य सहज विचारतो, की झाडाला हे कशामुळे सुचले? यंदा त्याने एवढी फळे का धरली? पुढे काही येऊ घातले आहे, आणि ते त्याला आपल्याआधी कळले आहे काय?

हा प्रश्न फार जुना आहे, आणि तो एकट्या भारताचाही नाही. इंग्लंडच्या खेड्यांत हॉथॉर्न आणि हॉली या झुडपांना लाल फळांचे घोस लगडले की पुढचा हिवाळा कडक जाणार, असे मानीत. पाखरांची बर्फात उपासमार होऊ नये म्हणून निसर्ग आधीच कोठार भरून ठेवतो, अशी त्यामागची भाबडी पण प्रेमळ कल्पना. अमेरिकेच्या ओझार्क डोंगरांत याहून गमतीची रीत आहे. तिथले लोक पर्सिमन नावाच्या रानफळाचे बी उभे चिरतात आणि आतल्या पांढऱ्या अंकुराचा आकार पाहतात. तो चमच्यासारखा दिसला तर बर्फ उपसावे लागणार, सुरीसारखा दिसला तर कापणारी थंडी पडणार, काट्यासारखा दिसला तर हिवाळा सौम्य जाणार! हे पर्सिमन म्हणजे आपल्या टेंभुर्णीचे, छत्तीसगडच्या तेंदूचे सख्खे भावंड. दोन्ही एकाच कुळातली आणि एकाच प्रजातीगटातली झाडे आहेत. दुर्ग जिल्ह्याच्या रानात मात्र तेंदूचे बी चिरून कोणी थंडी पाहिली असेल असे वाटत नाही; कारण इथल्या माणसाला थंडीचे भय नव्हते. त्याचे भय एकच, पाऊस. म्हणून आपल्याकडे फळांना विचारलेला प्रश्न हिवाळ्याचा नसून पावसाचा आणि पिकाचा आहे.

या प्रश्नाचे सर्वांत व्यवस्थित उत्तर सहाव्या शतकात उज्जयिनीच्या वराहमिहिराने नोंदवून ठेवले. त्याच्या बृहत्संहितेत ‘कुसुमलता’ नावाचा जेमतेम चौदा श्लोकांचा एक अध्याय आहे. वनस्पतींच्या फुलांची व फळांची वृद्धी पाहून पिकांची निष्पत्ती आणि द्रव्यांची सुलभता ओळखावी, अशी प्रतिज्ञा करून तो यादीच देतो. जांभळाला बहर आला तर तीळ आणि उडीद चांगले येतील. बोरीला आला तर कुळीथ. मोहाला आला तर गहू. पळसाला आला तर कोद्रू. तिंदुकाच्या वृद्धीवरून साठ दिवसांत येणारे साठी भात ओळखावे. पिंपळ फळला तर सर्वच पिके उत्तम. छत्तीसगडच्या कोणा शेतकऱ्यासमोर ही यादी वाचली तर मोह, तेंदू, बोर, परसा आणि कोदो या नावांवर त्याची मान डोलेल; रान तेच आहे, धान्येही तीच आहेत.

परंतु यादी पुढे सरकते तसे तिचे स्वरूप बदलते. चाफा फुलला तर सोने वाढेल, बंधुजीव फुलला तर पोवळी. हस्तिकर्ण नावाच्या झाडावरून हत्ती, अश्वकर्ण नावाच्या झाडावरून घोडे. इथे शेत संपले आणि शब्दांचा खेळ सुरू झाला हे उघड आहे. चाफा पिवळा म्हणून सोने, दुपारी फुलणारा बंधुजीव तांबडा म्हणून पोवळे. नावात घोडा आहे म्हणून घोडा. मोठमोठ्या विद्वानांनाही यादी एकदा सुरू झाली की ती पुरी करण्याचा मोह आवरत नाही. तरी या साऱ्यांत काही वाक्ये अशी आहेत, की ती कुणीतरी रानात उभे राहून पाहिल्याशिवाय सुचणार नाहीत. अर्जुनाच्या बहराने उत्तम वृष्टी सांगितली आहे, आणि अर्जुन हा ओढ्याकाठचा, पाण्यावर जगणारा वृक्ष. अध्यायाचा शेवट तर निखळ निरीक्षण आहे: ज्या काळी झाडाझुडपांची पाने तुकतुकीत आणि छिद्ररहित दिसतात त्या काळी पाऊस चांगला, ती रूक्ष आणि छिद्रे पडलेली असतील तर पाणी थोडे.

याच यादीत काही नावे अशुभाची आहेत. बिब्ब्याला बहर आला तर भय. खैर आणि शमी बहरले तर दुर्भिक्ष. आश्चर्य असे, की ही तीन नावे वराहमिहिराच्या पोथीतच राहिली नाहीत. विदर्भाच्या अरण्यात हयात घालविलेले वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी पावसाचे जे लोकसंकेत मराठी वाचकांपुढे ठेवले, त्यांतही बिब्ब्याचा बहर दुष्काळाचा आणि खैर-शमीचा फुलोरा अल्प पावसाचा सूचक म्हणून येतो. हे ज्ञान पोथीतून रानात गेले की रानातून पोथीत आले, याचा निवाडा अवघड आहे. वराहमिहिर स्वतःला पूर्वाचार्यांच्या मताचा संग्राहक म्हणवतो. तेव्हा रानाचा वाटा आधीचा असावा, हे अधिक संभवनीय. आणि विदर्भ व छत्तीसगड यांची राने वेगळी काढण्याचे कारण नाही. बिंबाजी भोसल्यांनी १७५८ पासून १७८७ पर्यंत रतनपुरास राहून छत्तीसगडचा कारभार पाहिला. पुढे १९५६ पर्यंत दोन्ही प्रदेशांची राजधानी नागपूरच होती.

आता मूळ प्रश्न. झाडाला पुढचे कळते काय?

वनस्पतिशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे: झाडाला मागचे कळते. बोरीला भाद्रपद-आश्विनात बारीक हिरवट फुले येतात. त्या वेळी पावसाची झोड लागली तर ती गळतात. हवा दमट आणि ढगाळ राहिली तर भुरी पडते. उघडीप वेळेवर मिळाली आणि जमिनीत ओल राहिली तर पौषात टोपल्या भरतात. मोहाचे तसेच. चैत्राच्या पहाटे टपटपणारी फुले ढगांनी आणि अवकाळी पावसाने बिघडतात, ही गोष्ट मोह वेचणाऱ्या बाया शास्त्रज्ञांइतकीच जाणतात. आंब्याचे आणखी निराळे. त्याच्या पुष्कळ जाती एक वर्ष भरभरून देतात आणि दुसऱ्या वर्षी विसावा घेतात, कारण एका मोठ्या बहरात झाडाची शिल्लक संपते. जे झाड आपल्या स्वभावानुसार वर्षाआड बहरते, त्याच्या बहरानंतर कधी ना कधी अवर्षण येणारच. आणि लोकांच्या ध्यानात राहते ते अवर्षणच.

अर्थात फळांवरून पुढचे काहीच सांगता येत नाही, असेही म्हणू नये. नॉर्वेतल्या सफरचंदांच्या बागांना एका लहान पतंगाचा उपद्रव होतो. हा पतंग वस्तुतः रोवन नावाच्या रानझाडाच्या लाल फळांत अंडी घालणारा. रोवनला एका वर्षी खूप फळे आली आणि पुढच्या वर्षी ती आलीच नाहीत, की पतंगांची वाढलेली पिढी उपाशी राहून सफरचंदांवर उतरते. म्हणून तिथले कृषितज्ज्ञ रोवनच्या फळांचे मान पाहून बागाईतदारांना आगाऊ सूचना देतात. आपल्याकडे बांबूचे उदाहरण याच जातीचे आहे. बांबू फुलला की दुष्काळ, ही समजूत सर्वदूर पसरलेली आहे. मिझो डोंगरांत १९५९ साली ती अक्षरशः खरी ठरली; बांबूच्या बियांवर उंदीर माजले आणि बी संपताच त्यांनी भाताची शेते खाल्ली. तिथे झाडाने संकटाची वर्दी दिली एवढेच नव्हे, तर संकटच निर्माण केले.

परंतु बांबूचीच दुसरी एक हकीकत आहे. १८६४ साली उत्तर कानड्यातल्या सुपे भागाचे बांबूचे रान एकदम फुलले, तेव्हा धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतून अंदाजे ५० हजार माणसे बी वेचण्यासाठी त्या जंगलात उतरली. त्यांनी बांबूच्या फुलोऱ्याला अपशकुन म्हटले की नाही, हे बाजूला राहो. त्यांनी तो पोत्यांत भरून घरी नेला आणि शिजवून खाल्ला.

दुष्काळाच्या संकेतांचे मर्म इथे सापडते असे वाटते. बोर, तेंदू, चार, मोह ही नुसती रानाची शोभा नव्हे. ते धान्य संपल्यावरचे धान्य आहे. बिब्बासुद्धा तसाच. त्याचे तेल अंगावर उतते, पण फळाचा नारिंगी देठ सुकवून खातात आणि आतली गोडंबी तर पौष्टिक म्हणून मुद्दाम घेतात. ज्या वर्षी कोठारात दाणा असतो, त्या वर्षी बिब्ब्याकडे कोण पाहतो? ज्या वर्षी तो नसतो, त्या वर्षी सारे गाव मान वर करून रानातून हिंडते, आणि कोणत्या झाडाला किती फळ आहे हे जन्मभर विसरत नाही. बहर आणि दुष्काळ यांची सांगड हवेने घातली नसून पोटाने घातली असावी, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

छत्तीसगडने हे पाहिले आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ तीन वर्षांच्या अंतराने मध्यप्रांतावर कोसळले. दुर्ग हा जिल्हा तेव्हा निर्माणही झालेला नव्हता. तो १९०६ साली रायपूर आणि बिलासपूर यांतून वेगळा काढण्यात आला. खाद्य फळे आणि कंदमुळे गोळा करण्यासाठी सरकारी जंगले लोकांना खुली करावी लागली, म्हणजे जंगल कायद्याने घातलेले कुंपण भुकेने उघडले. त्या काळच्या सरकारची स्वतःची संकेतांची यादी होती. दुष्काळसंहितांनी अधिकाऱ्यांना बजावले होते, की धान्याचे भाव चढू लागले, सावकारांनी उधारी आखडली, चोऱ्या वाढल्या, माणसे घरे सोडून भटकू लागली, तर सावध व्हावे. वराहमिहिराच्या यादीहून ही यादी अधिक उपयोगी खरी. पण तीही पाऊस हुकल्यानंतरची.

पाऊस हुकण्यापूर्वी बोलण्याचे काम हवामान खात्याचे. ते १८७५ साली स्थापन झाले, आणि हिमालयावरील बर्फाच्या मानावरून ब्लॅनफर्ड यांनी काढलेले पावसाचे पहिले अधिकृत दीर्घकालीन भाकीत ४ जून १८८६ रोजी प्रसिद्ध झाले. मागचा हिवाळा पाहून पुढचा पावसाळा सांगण्याची ही रीत तत्त्वतः बोरीकडे पाहण्याहून फार दूरची नव्हती. १८९९ साली ब्लॅनफर्डांच्या जागी आलेले जॉन एलियट यांनी सरासरीहून अधिक पावसाची आशा दिली. प्रत्यक्षात देशभराचा पाऊस सरासरीच्या पाऊण हिश्शालाही पोचला नाही. राजस्थान-गुजरातेत आजही ‘छप्पनिया’ म्हणून ज्याचे नाव काढतात तो हा विक्रम संवत १९५६ चा काळ. एलियट यांच्यानंतर, १९०४ साली, गिल्बर्ट वॉकर आले. त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे वर्षानुवर्षे ताडून पाहिले, तेव्हा कुठे प्रशांत महासागरापासून हिंदी महासागरापर्यंत पसरलेला दाबाचा झोका दिसू लागला. बिब्बा, खैर आणि हिमालयाचे बर्फ यांहून तो फारच लांबचा संकेत होता.

भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. कारखान्याभोवतीच्या नव्या वस्तीला धान्य दुकानातून मिळू लागले, आणि बोराकडे पाहण्याची गरज संपून हौस उरली. तरीही वैशालीनगरातल्या टोपलीत एक हकीकत असते, आणि ती वाचता येते. यंदा बोरे मोठी, गोड आणि बिनकिडीची असतील, तर गेल्या भाद्रपदाच्या अखेरीस पावसाने वेळेवर उघडीप दिली होती. संक्रांतीनंतर बोरन्हाणात ज्या बोरांचा मुलाच्या डोक्यावरून वर्षाव होतो आणि ज्यांच्यासाठी शेजारची पोरे जमिनीवर झोंबाझोंबी करतात, त्यांची फुले उमलली तेव्हा शिवारातले धान अजून पोटरीत होते.