रशियाचे अरब धोरण : बैरूतपासून दमास्कसपर्यंत

रशिया आणि अरब देश यांच्या संबंधांचा विचार करताना १९५५ सालच्या शस्त्रकरारापासून प्रारंभ करण्याचा प्रघात आहे. त्या वर्षी ईजिप्तला सोव्हिएत शस्त्रे मिळाली आणि पाश्चात्त्य राष्ट्रांची त्या प्रदेशातील मिरासदारी खिळखिळी झाली, हे खरेच आहे. परंतु तेथून आरंभ केला म्हणजे हे धोरण साम्यवादाच्या पोटी जन्मले असा समज होतो, आणि तो इतिहासाला धरून नाही. झारशाही, सोव्हिएत राजवट आणि तिच्यानंतरचे रशियन प्रजासत्ताक अशा तीन राज्यव्यवस्थांत या धोरणाचे एक लक्षण कायम राहिलेले दिसते. अरब भूमीवर पाऊल टाकताना रशियाची दृष्टी बहुधा त्या भूमीच्या पलीकडे असे. कधी तुर्कस्तानवर, कधी इंग्लंडवर, तर कधी अमेरिकेवर. अरब राज्यकर्तेही हे ओळखून होते, व त्यांनीही रशियाचा उपयोग तसाच करून घेतला. या देवघेवीत कोणाचे काय साधले आणि कोणाचा बळी गेला, हे काही ठळक प्रसंगांच्या आधारे पाहण्याचे योजिले आहे.

पहिला प्रसंग अठराव्या शतकातील आहे. १७६८ साली रशिया व तुर्कस्तान यांच्यात युद्ध जुंपले. सम्राज्ञी कॅथरिनने आपले आरमार बाल्टिक समुद्रातून युरोपला वळसा घालून भूमध्य समुद्रात धाडले, आणि १७७० साली चेश्मे येथे त्याने तुर्की आरमाराचा विध्वंस केला. त्याच सुमारास ईजिप्तचा मामलूक अधिपती अली बे याने सुलतानाचे जू झुगारले होते. पॅलेस्टाइनमध्ये झाहिर अल्-उमर हा आक्रा येथे राहून जवळजवळ स्वतंत्रपणे राज्य करीत होता. दोघांनीही रशियन सेनापती ओर्लोव्ह याच्याशी संधान बांधले. १७७२ साली रशियन जहाजांनी बैरूतवर तोफा डागल्या, आणि पुढल्या वर्षी ते शहर घेऊन काही महिने आपल्या ताब्यातही ठेविले. पण तोवर अली बे आपल्याच सेनापतीच्या फितुरीमुळे पराभूत होऊन मरण पावला होता. १७७४ च्या जुलै महिन्यात कुचुक कैनार्जी येथे तह झाला. क्रिमिया सुलतानाच्या सत्तेतून सुटला, काळ्या समुद्रावरील काही ठाणी रशियास मिळाली आणि रशियन व्यापारी जहाजांना सामुद्रधुनीचा मार्ग खुला झाला. ज्यांच्या साहाय्याने शत्रूच्या पाठीवर घाव घातला होता, त्या अरब मित्रांचे रक्षण मात्र या तहाने झाले नाही. सुमारे वर्षभरानंतर तुर्की आरमार आक्र्यासमोर येऊन उभे राहिले, आणि वृद्ध झाहिर मारला गेला. पुढील अडीचशे वर्षांच्या कथेचे बीज या छोट्या प्रकरणात सापडते.

एकोणिसाव्या शतकात तोफांची जागा धर्माने घेतली. जेरुसलेम व बेथलेहेम येथील पवित्र स्थळांवरील हक्कांचा वाद क्रिमियाच्या युद्धाचे (१८५३-५६) एक निमित्त ठरला. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या पॅलेस्टाइन सोसायटीने सीरिया, लेबानॉन व पॅलेस्टाइन येथील ऑर्थोडॉक्स अरबांसाठी सुमारे शंभर शाळा चालविल्या. हेतू अर्थातच फ्रेंच व इंग्रज मिशनऱ्यांना शह देण्याचा होता. तरीही या शाळांचे फळ राजकारणापेक्षा टिकाऊ निघाले. नाझरेथच्या रशियन अध्यापक विद्यालयात शिकून पुढे पोल्ताव्हास गेलेला मिखाईल नईमी हा आधुनिक अरबी साहित्यातील एक अग्रगण्य लेखक झाला. राज्यकर्त्यांच्या मनात नसलेले कार्यही कधी कधी त्यांच्या हातून घडते, ते असे.

१९१७ च्या क्रांतीने या धोरणाचा वेष पालटला. अरब प्रदेशाची आपसांत वाटणी करणारा इंग्रज-फ्रेंचांचा १९१६ चा गुप्त करार झारशाहीच्या दप्तरात होता, कारण त्यास झारचीही संमती होती; बोल्शेव्हिकांनी तो नोव्हेंबर १९१७ मध्ये छापून जगजाहीर केला. अरबांच्या दृष्टीने हे रशियाचे मोठेच उपकार होते. या प्रतिष्ठेचा लाभ घेण्यासाठी सोव्हिएत सरकारने १९२४ मध्ये हेजाझचा राजा हुसेन याच्याशी संबंध जोडून जिद्दा येथे वकिलात उघडली. तेथे वकील म्हणून गेला तो करीम हकीमोव्ह. उफा प्रांताकडील एका गरीब मुसलमान कुटुंबात जन्मलेला हा मनुष्य साम्यवादी होता. पण त्यास इस्लामी रीतिरिवाज परके नव्हते. लवकरच नज्दच्या इब्न सौदने हेजाझवर स्वारी करून जिद्द्यास वेढा दिला. ज्या राजाच्या दरबारी आपला वकील आहे त्याचा पक्ष सोडून मॉस्कोने वारा कोणीकडून वाहतो ते पाहिले. जानेवारी १९२६ मध्ये इब्न सौद हेजाझचा राजा म्हणून घोषित झाला, आणि १६ फेब्रुवारीस हकीमोव्हने सोव्हिएत मान्यतेचे पत्र त्याच्या हाती दिले. या नव्या राज्यास मान्यता देणारे सोव्हिएत रशिया हे पहिलेच राष्ट्र होय. इंग्लंडच्या जलमार्गावर, तांबड्या समुद्राच्या काठी, एक मित्र असावा हा यातील हिशेब उघड होता. इब्न सौदलाही इंग्रजांशी घासाघीस करताना दुसरा ग्राहक दारात असलेला हवाच होता. १९३२ मध्ये राजपुत्र फैसल मॉस्कोस जाऊन आला. रशियन रॉकेल व पेट्रोल जिद्द्याच्या बंदरात उतरले.

या मैत्रीचा शेवट अरबस्तानात झाला नाही, तो मॉस्कोत झाला. स्टालिनच्या दमनसत्रात हकीमोव्हला १९३७ मध्ये परत बोलावण्यात आले, आणि जानेवारी १९३८ मध्ये त्यास गोळी घालण्यात आली. त्याच्या जागी काही वर्षे काम केलेल्या नझीर त्युर्याकुलोव्हचीही तीच गत आधी झाली होती. इब्न सौदने दुसरा वकील स्वीकारला नाही असे सांगतात. वकिलात १९३८ मध्ये बंद झाली एवढे निश्चित. त्याच वर्षी सौदी भूमीत विपुल खनिज तेल लागले. तुटलेले संबंध पुन्हा जुळण्यास १९९० साल उजाडावे लागले. जो देश रशियाने सर्वांआधी ओळखला, तो बावन्न वर्षे त्यास दुरावला. आणि ज्यांनी ती ओळख घडविली, त्यांना त्यांच्याच राज्याने नाहीसे केले.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा एक वळण आले. इंग्रजांना पॅलेस्टाइनमधून घालविण्यासाठी सोव्हिएत सरकारने १९४७ मध्ये फाळणीच्या बाजूने मत दिले, आणि १७ मे १९४८ रोजी इस्रायलला विधिवत् मान्यता दिली. त्या वर्षीच्या युद्धात चेकोस्लोव्हाकियाची शस्त्रे इस्रायलला मिळाली. सात वर्षांनी त्याच चेकोस्लोव्हाकियाच्या नावाने ईजिप्तला शस्त्रे पुरविण्यात आली. यास केवळ चंचलपणा म्हणणे उचित नव्हे. १९४८ मध्ये इंग्रजांना काढावयाचे होते. १९५५ मध्ये रशियाच्या दक्षिण सीमेवर उभा राहिलेला बगदाद करार मोडावयाचा होता. साधन बदलले, हेतूची जात बदलली नाही.

नासरने हा डाव अचूक ओळखला. सोव्हिएत शस्त्रे त्याने कापूस देऊन घेतली. अमेरिकेने १९५६ च्या जुलैमध्ये आस्वान धरणाची मदत नाकारताच त्याने सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले, आणि पुढे धरणासाठी सोव्हिएत कर्ज मिळविले. पण त्याच काळात, १९५९ च्या आरंभी, त्याने आपल्या देशातील साम्यवाद्यांना सरसकट तुरुंगात टाकले. ख्रुश्चेव्हने जाहीर नापसंती व्यक्त केली. तथापि आस्वानचे काम थांबले नाही. ते कैदी १९६४ मध्ये सुटले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात आस्वानला आलेल्या ख्रुश्चेव्हने नासरला सोव्हिएत संघाच्या वीराचा सर्वोच्च किताब अर्पण केला. मॉस्कोच्या लेखी कैरोतील साम्यवाद्यांपेक्षा कैरोतील सत्ताधारी अधिक मोलाचा होता, हे याहून स्पष्ट कसे व्हावे?

१९६७ च्या पराभवानंतर ईजिप्तचे रशियावरील अवलंबित्व पराकोटीस गेले. १९७० मध्ये सोव्हिएत सैनिक स्वतः ईजिप्तचे आकाश राखू लागले. २७ मे १९७१ रोजी मैत्रीचा करार झाला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये, भारताशीही सोव्हिएत संघाचा मैत्रीकरार झाला. भारताचा करार टिकला, ईजिप्तचा टिकला नाही. आपणास हवी ती शस्त्रे रशिया हात राखून देतो, कारण त्यास अमेरिकेशी तडजोड हवी आहे, असा सादातचा ग्रह झाला. जुलै १९७२ मध्ये त्याने हजारो सोव्हिएत सल्लागारांना देश सोडावयास सांगितले, आणि मार्च १९७६ मध्ये करारच रद्द केला. मधल्या १९७३ च्या युद्धात कालवा ओलांडणारी सेना मात्र सोव्हिएत शस्त्रांनीच लढली.

सीरियात याच कथेचा उत्तरार्ध घडला. तार्तूस येथे १९७१ पासून सोव्हिएत आरमाराचा तळ होता. ३० सप्टेंबर २०१५ पासून रशियन विमानांनी बशर अल्-असदच्या बाजूने लढण्यास प्रारंभ केला, आणि डळमळणारी सत्ता तूर्त सावरली. त्याची जबर किंमत सीरियातील शहरांनी व सामान्य जनतेने मोजली. २०१७ मध्ये आस्ताना येथे सीरियाच्या भवितव्याची बोलणी सुरू झाली, तेव्हा हमीदार म्हणून बसलेली तिन्ही राष्ट्रे, रशिया, तुर्कस्तान आणि इराण, अरबेतर होती. ८ डिसेंबर २०२४ रोजी असदची सत्ता कोसळली व तो मॉस्कोच्या आश्रयास गेला. आपले तळ राखण्यासाठी रशियाने दमास्कसच्या नव्या सत्ताधाऱ्यांशी बोलणी आरंभिली. १९२६ चा जिद्दा येथे आठवल्यावाचून राहत नाही.

यावरून रशिया हाच विशेष स्वार्थी होता असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. इंग्लंड, फ्रान्स व अमेरिका यांचे वर्तन याहून उजळ नव्हते. आणि आस्वानचे धरण आजही ईजिप्तला पाणी व वीज देत आहे. अरब राज्यकर्तेही केवळ फसले नाहीत; नासर व इब्न सौद यांनी आपले माप पुरेपूर पदरात पाडून घेतले. खरी हानी झाली ती त्यांची, ज्यांनी हिशेबाच्या या मैत्रीला मैत्री मानले: आक्र्याचा झाहिर, जिद्द्यातील हकीमोव्ह, ईजिप्तच्या तुरुंगातील साम्यवादी. राष्ट्रांच्या इतिहासात तहांची कलमे जपून ठेवली जातात. त्या कलमांत ज्यांना स्थान मिळाले नाही, त्यांची नोंद ठेवणे हे इतिहासकाराचेच काम आहे.