कोल्हापुरात एसीपी नसतो

एप्रिल २०२५ मध्ये एका सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर मावशीचा मेसेज आला : 'प्रद्युमन साहेब गेले. भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली हात जोडलेले सहा इमोजी. सोनी वाहिनीनेच एसीपी प्रद्युमनला श्रद्धांजली वाहणारी पोस्ट टाकली होती, आणि मावशीला वाटलं शिवाजी साटमच गेले. साटम ठणठणीत होते. मेलं होतं ते 'सीआयडी' मालिकेतलं पात्र, आणि तेही पुढे परत आलं.

गंमत म्हणजे आमच्या कोल्हापुरात एसीपी नसतोच. हे पद पोलीस आयुक्तालय असलेल्या मुंबई-पुण्यासारख्या शहरांत असतं. आमच्याकडे जिल्हा पोलीस अधीक्षक, त्यांच्या हाताखाली डीवायएसपी, आणि गुन्ह्याचा छडा लावायला स्थानिक गुन्हे अन्वेषण शाखा, म्हणजे पेपरवाल्यांची 'एलसीबी'. तरी राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीत खेळताना कुणी कधी डीवायएसपी झालं नाही. जो तो एसीपी. दया व्हायला मारामारी, कारण दयाला दरवाजे तोडायला मिळायचे. फ्रेडरिक्स व्हायला कुणी तयार नसे. तो बहुतेक वेळा मीच.

मालिका सुरू झाली २१ जानेवारी १९९८ला आणि बंद पडली २७ ऑक्टोबर २०१८ला. एपिसोड १५४७. डिसेंबर २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. २००४ साली त्यांनी १११ मिनिटांचा अख्खा एपिसोड एकाही कटशिवाय चित्रित केला आणि विक्रम नोंदवला. हे आकडे आता सगळ्यांना पाठ आहेत. पण या हिंदी मालिकेचं बी मराठीत पडलं होतं, हे मला बाबांनी सांगितलं. दिग्दर्शक बी. पी. सिंग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, मग दूरदर्शनवर कॅमेरामन. 'सीआयडी'आधी त्यांनी मुंबई दूरदर्शनसाठी 'एक शून्य शून्य' ही मराठी मालिका केली. शंभर हा तेव्हाचा पोलिसांचा फोन नंबर. त्यातही पोलिसाच्या भूमिकेत साटम होते. नाटकात काम करणारा, बँकेत नोकरी केलेला माणूस. मला वाटतं, एसीपी आपल्याकडे इतका मुरला तो म्हणूनच. तो हिरोसारखा चालत नाही. कॅश जुळेना म्हणून वैतागलेल्या ब्रँच मॅनेजरसारखा हवेत बोटं फिरवतो.

सीआयडी हा शब्द मात्र टीव्हीपेक्षा खूप जुना. १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने प्रत्येक प्रांतात असं खातं असावं अशी शिफारस केली, आणि पुढे इंग्रजांनी ते स्वातंत्र्य चळवळीतल्या लोकांच्या मागावर सोडलं. माझे आजोबा भूमिगतांच्या गोष्टी सांगताना हा शब्द आवाज उतरवून उच्चारायचे. सीआयडी म्हणजे साध्या कपड्यात आपल्या मागे लागलेला सरकारी माणूस. ज्याच्यापासून लपायचं, तो. आमच्या पिढीला सीआयडी म्हणजे आपल्यासाठी धावून येणारी माणसं. एका मालिकेने शब्दाची बाजूच बदलून टाकली.

१६ फेब्रुवारी २०१५ला मी बारावीत होतो, बोर्डाची परीक्षा तोंडावर होती. सकाळी फिरून घरी परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताईंवर त्यांच्या घराजवळच गोळ्या झाडल्या गेल्या. 'शिवाजी कोण होता?' लिहिणारे पानसरे २० तारखेला गेले, उमाताई जखमी होऊन वाचल्या. तपासासाठी विशेष पथक नेमलं गेलं, ते राज्याच्या सीआयडीचं. खऱ्या सीआयडीचं. क्लासमधला एकजण म्हणाला, "आता बघ लगा, शनिवारपर्यंत घावतंय." आम्ही हसलो नाही. आम्हाला ते खरंच वाटलं.

शनिवार आले आणि गेले. मालिकेचे पुढे साडेतीन वर्षांहून जास्त एपिसोड झाले, मालिका बंदही पडली. २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने हा तपास सीआयडीकडून काढून एटीएसकडे दिला. आरोप निश्चित व्हायला २०२३ उजाडलं.

खऱ्या तपासाला वेळ लागतो, एवढंच असतं तर मालिकेला दोष देण्यासारखं काही नव्हतं. पण आम्ही तिच्याकडून दुसरंही काही शिकलो होतो. शेवटच्या पाच मिनिटांत संशयिताच्या कानाखाली एक वाजते आणि तो घडाघडा बोलायला लागतो. बोलतो ते खरंच असतं. मग एसीपी त्याला फाशी होणार असं सांगून टाकतो. कोर्ट नाही, वकील नाही.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी हॉस्टेलवर आमच्या रूममधलं एक पाकीट गेलं. आत साडेचार हजार, मेसचे. शेजारच्या रूममधला एक मुलगा दुपारी आत येऊन गेला होता. त्याला आम्ही पाचजणांनी खुर्चीवर बसवलं. आधी हसत. कुणीतरी 'कुछ तो गडबड है' म्हणत बोटं फिरवली. तो घाबरला, तेव्हा आमची खात्री पटली. दोन कानाखाली बसल्यावर त्याने कबूल केलं. पैसे कुठे ठेवले ते मात्र त्याला सांगता येईना, म्हणून आणखी एक बसली. ती तिसरी माझी होती.

चार दिवसांनी पाकीट लाँड्रीवाल्याने आणून दिलं. पँटच्या खिशात राहिलं होतं.

१८७२च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम २५ होतं : पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. त्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही ती तरतूद कलम २३ म्हणून आहे. मार खाणारा माणूस काहीही कबूल करतो, हे दीडशे वर्षांपूर्वी इंग्रजांच्या राज्यातही माहीत होतं. मी ते कलम पाकीट सापडल्यावर वाचलं. त्या मुलाची माफी आम्ही वडापाव खिलवून मागितली. तो म्हणाला, "जाऊ दे भावा."

तो आता बंगळुरूला असतो, माझ्यासारखाच कोड लिहितो. मावशीचा मेसेज आला त्याच दिवशी कॉलेजच्या ग्रुपवरही एसीपीला श्रद्धांजली सुरू होती. दयाने दरवाजा तोडण्याचा स्टिकर सगळ्यात आधी त्यानेच टाकला. मी त्यावर हसण्याचा इमोजी दिला आणि थोड्या वेळाने काढून घेतला.