नऊ पिनांचं सॉकेट आणि दारावरच्या बेलचं बटण

आजचा भाग जुन्या व्हिडिओ गेमचा आहे, पण गेमबद्दल फारसं बोलणार नाही. बोलायचंय ते जॉयस्टिकच्या वायरीबद्दल. थांबा, लगेच स्किप करू नका.

सप्टेंबर १९७७. अमेरिकेत अटारीने एक कन्सोल बाजारात आणला, जो पुढे अटारी २६०० म्हणून ओळखला गेला. त्याच्या पाठीमागे नऊ पिनांची दोन सॉकेट्स. वर, खाली, डावं, उजवं यांना पिन १ ते ४, फायरला पिन ६ आणि ग्राउंडला पिन ८. झालं! जॉयस्टिकमध्ये चिप वगैरे काही नाही, फक्त पाच स्विच. कन्सोल प्रत्येक तारेवर व्होल्टेज धरून ठेवतो आणि तार ग्राउंडला टेकली की 'बटण दाबलं' असं समजतो. ती कशाने टेकवली, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पत्र्याची पट्टी चालते, चमचासुद्धा चालतो.

म्हणून मूळ जॉयस्टिकमधलं प्लास्टिक तुटलं, तरी हौशी माणूस अडत नाही. लाकडी खोक्यात पाच बटणं बसवली की काम झालं. १९८२ च्या कमोडोर ६४ नेही जॉयस्टिकसाठी हीच जोडणी ठेवली, त्यामुळे घरी केलेली एकच जॉयस्टिक दोन्हीकडे चालते.

माझ्या मामाकडे असा एक अटारी आहे, दुबईच्या नोकरीतून आणलेला. अर्धांगवायूनंतर मामाचा उजवा हात नीट चालत नाही. मूळ जॉयस्टिक एका हाताने धरायची आणि दुसऱ्याने फिरवायची, ते त्याला जमेना. मग मी पुण्यात तपकीर गल्लीतून नऊ पिनांचा कनेक्टर आणि दारावरच्या बेलची पाच मोठी बटणं आणली. चार पाटावर, पाचवं पायाखाली. मल्टीमीटरने एकेक तार तपासली, सोल्डर मारलं. एका संध्याकाळचं काम. मामी म्हणाली, "आता दारावर कोण आलंय ते कळायचं नाही."

आता आपल्या लहानपणाकडे या. पिवळ्या कॅसेटवाला 'टीव्ही गेम' आठवतो? ते बहुतेक सगळे जपानच्या निन्टेन्डो फॅमिकॉमच्या नकला होते. मूळ फॅमिकॉम जुलै १९८३ चा. गंमत म्हणजे, यातल्या कित्येक नकलांना कंट्रोलरसाठी तेच नऊ पिनांचं सॉकेट होतं. अटारीची जॉयस्टिक त्यात छान बसते, पण चालत नाही. उगाच लावूनही बघू नका, वीज कुठल्या पिनवर येते तेही वेगळं आहे.

कारण आतली भाषाच बदलली होती. फॅमिकॉमच्या कंट्रोलरमध्ये ४०२१ नावाची शिफ्ट रजिस्टर चिप असते. कन्सोल आधी सांगतो, 'आत्ताची स्थिती पकड', मग एकेक करून विचारतो: ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, वर, खाली, डावं, उजवं. आठही उत्तरं एकाच तारेवरून, रांगेने येतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पत्ता तोच, एपीआय वेगळा. ४०२१ आजही मिळते, त्यामुळे हाही कंट्रोलर घरी बनतो. फक्त आता बेलचं बटण पुरत नाही, सर्किट समजावं लागतं.

पुढे दार आणखी घट्ट झालं. एक्सबॉक्स ३६० ला तर कंट्रोलरने स्वतःची ओळख पटवून द्यावी लागते. कंपनीचा धंदा म्हणून मला ते कळतं. पण ज्याचा हात कंपनीच्या साच्यात बसत नाही, त्याने काय करायचं? निन्टेन्डोने १९८९ मध्ये अशा लोकांसाठी हात न लावता चालणारा कंट्रोलर काढला होता. छातीवर बांधायचा, काडी हनुवटीने हलवायची, ए आणि बी बटणांसाठी नळीतून फुंकायचं किंवा ओढायचं. सुंदर वस्तू, पण एकाच ठरावीक रचनेची.

मग २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स अडॅप्टिव्ह कंट्रोलर आला. त्याच्या पाठीमागे ३.५ मिलिमीटरची १९ सॉकेट्स आहेत, आपल्या जुन्या हेडफोनच्या पिनसारखी. बहुतेकांना साधा स्विच जोडायचा: दोन तारा टेकल्या की बटण दाबलं. ओळख पटवायचं काम तो डबा करतो, बटण कसलं असावं ते तुम्ही ठरवायचं. मामाची पाचही बटणं त्याला चालतील, फक्त टोकाची पिन बदलावी लागेल.

अटारीचं पॅडल मात्र आज राहिलं. त्यात दिशेचे स्विचच नाहीत, १ मेगाओमचा पोटेन्शिओमीटर आहे, आणि कपॅसिटर भरायला किती वेळ लागला यावरून कन्सोल ओळखतो की नॉब किती फिरवलाय. ते पुढच्या भागात.