ऐतिहासिक नगरांचे आकर्षण आणि विद्यापीठीय क्रीडागटांची फेरमांडणी : मीरा-भाईंदरच्या सीमेवरून एक विचार

भाईंदरच्या एखाद्या महाविद्यालयात शिकणारा खेळाडू एकाच वेळी तीन निरनिराळ्या प्रदेशांचा प्रतिनिधी असू शकतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेत तो मुंबई विद्यापीठाकडून उतरतो. क्रिकेटमध्ये त्याची निवड होते ती मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या क्षेत्रातून. कारण ह्या संस्थेचे क्षेत्र पश्चिम रेल्वेवर डहाणूपर्यंत आणि मध्य रेल्वेवर बदलापूरपर्यंत पसरलेले आहे. तोच विद्यार्थी कबड्डीच्या राज्य अजिंक्यपद स्पर्धेस गेला, तर तेथे जिल्हा हाच घटक असल्यामुळे त्याच्या अंगावर ठाण्याचे नाव असते. हे तीन नकाशे परस्परांशी जुळत नाहीत आणि तिन्हींपैकी एकावरही त्याच्या स्वतःच्या गावाचे नाव नाही. ही स्थिती कशी निर्माण झाली, आणि क्रीडागटांच्या सीमा ठरविण्यात जुन्या नगरांच्या नावलौकिकाचा वाटा किती, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. पुढील सुमारे नव्वद वर्षे पश्चिम हिंदुस्थानातील बहुतेक उच्च शिक्षण ह्या एका विद्यापीठाच्या छत्राखाली होते. पुण्याचे डेक्कन व फर्ग्युसन, अहमदाबादचे गुजरात कॉलेज, वडोद्याचे बडोदा कॉलेज, धारवाडचे कर्नाटक कॉलेज, कराचीचे सिंध कॉलेज ही सर्व महाविद्यालये मुंबईशी संलग्न होती. परीक्षा मुंबईची, पदवी मुंबईची, आणि म्हणून आंतरविद्यापीठ सामन्यातील संघही मुंबईचाच, असा हा क्रम होता. १९२५ साली आंतरविद्यापीठ मंडळ अस्तित्वात आले, आणि १९३५-३६ च्या हंगामापासून विद्यापीठांच्या क्रिकेट संघांसाठी रोहिंटन बारिया करंडकाची स्पर्धा सुरू झाली. संघाचा घटक नगर नव्हे, प्रांत नव्हे, तर विद्यापीठ हा ठरल्यामुळे पुण्याचा वा धारवाडचा विद्यार्थी ह्या स्पर्धेत आपल्या नगराच्या नावाने खेळू शकत नव्हता.

परंतु ह्याच सुमारास विद्यापीठाबाहेरील क्रिकेटने दुसरा नकाशा आखला होता. मुंबईच्या मैदानांवर १९१२ पासून चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने होत असत. त्यांतील संघ धर्मावर व जमातीवर उभारलेले होते, आणि १९४५-४६ नंतर हे सामने बंद झाले. १९३४-३५ साली सुरू झालेल्या रणजी करंडकाने मात्र प्रदेश हा घटक स्वीकारला. त्या प्रदेशांची वाटणी शासकीय सीमांप्रमाणे झाली नाही, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. मुंबई इलाखा एक असताना त्यातून मुंबई, महाराष्ट्र व गुजरात असे वेगळे संघ निघाले. महाराष्ट्राचा संघ हा व्यवहारतः पुण्याच्या आधाराने उभा राहिला. संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर ह्यांच्या नेतृत्वाखाली त्याने १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे अजिंक्यपद मिळविले. नवानगरने १९३६-३७ मध्ये, तर बडोद्याने १९४२-४३ मध्ये हा मान मिळविला. म्हणजे पुणे व वडोदरा ह्या नगरांना स्वतःचे विद्यापीठ मिळण्यापूर्वीच स्वतःचा संघ लाभला होता.

ह्यानंतर १९४९ साली विद्यापीठीय नकाशा पालटला. त्या वर्षी पुणे विद्यापीठ सुरू झाले व बॅ. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी वडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, अहमदाबादचे गुजरात विद्यापीठ आणि कर्नाटक विद्यापीठ ही अस्तित्वात आली. ह्यांपैकी कर्नाटक विद्यापीठाचे कार्यालय आरंभी मुंबईत होते. १९५० साली ते धारवाडला नेण्यात आले. फाळणीमुळे सिंध आधीच तुटला होता. अशा रीतीने एका विद्यापीठाच्या जागी तीन-चार वर्षांत अनेक विद्यापीठे उभी राहिली, आणि कालपर्यंत एका संघात एकत्र खेळणारे महाविद्यालयीन खेळाडू प्रतिस्पर्धी म्हणून समोरासमोर आले. योगायोग असा की, पुणे विद्यापीठ सुरू झाले त्याच्या पुढच्याच महिन्यात, मार्च १९४९ मध्ये, पुण्याच्या मैदानावर मुंबई व महाराष्ट्र ह्यांच्यात रणजी करंडकाचा तो प्रसिद्ध सामना झाला, ज्यात दोन्ही संघांनी मिळून २,३७६ धावा केल्या. मुंबई आणि पुणे ही दोन स्वतंत्र केंद्रे आहेत, ही भावना विद्यापीठाच्या कायद्याने निर्माण केली नाही; ती आधीपासून होती आणि कायदा तिच्या मागोमाग आला.

पुढील फेरमांडणीतही हाच क्रम आढळतो. तत्कालीन औरंगाबाद येथे १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ. नागपूरला १९२३ पासून विद्यापीठ होतेच. ह्यांतील प्रत्येक ठिकाणी राजधानीची स्मृती होती : देवगिरीच्या परिसरातील मोगल सुभ्याचे नगर, छत्रपतींची करवीर नगरी, भोसल्यांचे नागपूर. आरंभी बारा जिल्ह्यांवर पसरलेले पुणे विद्यापीठाचे क्षेत्र क्रमाक्रमाने आकुंचित झाले. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाल्यावर पुण्याकडे पुणे, अहिल्यानगर (त्या वेळचे अहमदनगर) व नाशिक एवढे जिल्हे राहिले. नांदेड, सोलापूर व गडचिरोली येथेही पुढे विद्यापीठे झाली. प्रत्येक नवे विद्यापीठ म्हणजे आंतरविद्यापीठ स्पर्धेतील एक नवा संघ. पश्चिम विभागात आज महाराष्ट्राबरोबर गुजरात, गोवा, राजस्थान व मध्य प्रदेश ह्यांची विद्यापीठे येतात, आणि तेथे एकट्या महाराष्ट्राचेच अनेक संघ परस्परांविरुद्ध उभे ठाकतात.

तथापि नगराचे नाव मोठे म्हणून प्रत्येक खेळात त्याला स्वतंत्र स्थान मिळते, असे मानणे चुकीचे होईल. कोल्हापूर हे ह्याचे उत्तम उदाहरण होय. शाहू महाराजांच्या काळातील खासबाग मैदानामुळे कुस्तीत, आणि तालमी-पेठांच्या संघांमुळे फुटबॉलमध्ये, कोल्हापूर स्वतःचे केंद्र आहे. क्रिकेटमध्ये मात्र तेथील खेळाडू आजही महाराष्ट्राच्या, म्हणजे पुण्यात मुख्य ठाणे असलेल्या संघात जातो. शिवाजी विद्यापीठ झाले म्हणून ही व्यवस्था बदलली नाही. ज्या खेळात नगराने मैदान, आश्रय आणि प्रेक्षक पुरविले, त्या खेळापुरतेच त्याचे आकर्षण गटबांधणीस कारण झाले. केवळ इतिहासाचे वैभव पुरेसे ठरले नाही.

अमेरिकेतील अनुभवाशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे विद्यापीठे आपले क्रीडागट स्वतः निवडतात आणि सोडतात. १८९६ साली मध्य-पश्चिमेकडील विद्यापीठांनी बांधलेला गट पुढे ‘बिग टेन’ म्हणून प्रसिद्धीस आला. हे गट आरंभी शेजारधर्मावर उभे होते. रेल्वेने एका रात्रीत गाठता येईल असा प्रतिस्पर्धी हवा, ही त्यामागील साधी निकड होती. अलीकडे दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपण-हक्कांच्या पैशाने ही निकड मागे सारली. २०२४ साली पॅसिफिक किनाऱ्यावरील ‘पॅक-१२’ ह्या गटातून बारापैकी दहा विद्यापीठे बाहेर पडली. त्यांतील स्टॅनफर्ड व बर्कली ही कॅलिफोर्नियातील दोन विद्यापीठे चक्क ‘अटलांटिक कोस्ट’ ह्या नावाच्या गटात सामील झाली. ऐतिहासिक नगराचे आकर्षण तेथेही आहे, पण त्याची ताकद मर्यादित आहे. न्यू ऑर्लिन्ससारख्या जुन्या नगरातील टुलेन विद्यापीठ १९३२ पासून दक्षिण-पूर्वेच्या प्रबळ गटाचे संस्थापक सदस्य होते. १९६६ साली ते त्यातून बाहेर पडले. उलट ‘आयव्ही लीग’च्या आठ जुन्या विद्यापीठांनी एकमेकांची साथ सोडलेली नाही; तेथे परंपरा आणि शैक्षणिक प्रतिष्ठा हीच बांधणीची दोरी आहे.

आपल्याकडे साधारणतः ज्या जिल्ह्यात महाविद्यालय उभे असेल, त्या जिल्ह्याचे विद्यापीठ त्यास कायद्याने मिळते. निवडीचा प्रश्नच उद्भवत नाही. ह्यात एक मोठा लाभ आहे. पैशाच्या ओढीने शेजारी शेजाऱ्याला सोडून जात नाही. पण ह्यात एक उणीवही आहे. ज्या वस्तीला आपली निष्ठा मांडण्यास स्वतःचे केंद्र नाही, तिची मांडणी इतर करतात.

प्रदेश मोठा की परंपरा, हा प्रश्न अलीकडे न्यायालयासमोरही आला. लोढा समितीच्या शिफारशींनुसार क्रिकेट नियामक मंडळात एका राज्यास एकच मत असावे, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१६ मध्ये मान्य केले. त्याचा परिणाम असा की, मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ ह्या तीन संस्थांना एका मताचा उपभोग आळीपाळीने घ्यावा लागणार होता. गुजरातमधील गुजरात, बडोदा व सौराष्ट्र ह्यांचीही तीच गत होती. ९ ऑगस्ट २०१८ च्या निकालाने न्यायालयाने हा भाग बदलला. ह्या संस्थांनी खेळाच्या वाढीस दिलेला दीर्घ हातभार केवळ भौगोलिक सीमेच्या आधारे नाकारता येणार नाही, असे मानून सहाही संस्थांना पूर्ण सदस्यत्व देण्यात आले. विद्यापीठांच्या संघटनेचे पूर्ण सदस्यत्वही त्याच निकालाने परत आले. राज्यसीमेच्या तर्कावर इतिहासाने मिळविलेला हा विजय होय, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र तो विजय ज्यांच्याजवळ नोंदलेला इतिहास होता त्यांचाच होता.

ह्या पार्श्वभूमीवर पुन्हा मीरा-भाईंदरकडे वळले पाहिजे. ह्या भूमीला इतिहास नाही, असे कोणीही म्हणू शकणार नाही. साष्टी बेटाच्या उत्तर टोकावर ती वसलेली आहे. घोडबंदरचा किल्ला मराठ्यांनी १७३७ साली घेतला. भाईंदरजवळील धारावीच्या किल्ल्यासाठी १७३९ साली निकराची झुंज झाली. खाडीचे मुख रोखल्याविना पलीकडची वसई हाती येणार नव्हती. त्याच वर्षी चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. १७७४ साली साष्टी इंग्रजांकडे गेली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडेच राहिली. म्हणजे वसईची खाडी काही काळ दोन सत्तांची सीमा होती. पुढे रेल्वेने ती सीमा पुसून टाकली : एप्रिल १८६७ मध्ये विरारहून मुंबईस पहिली उपनगरी गाडी धावली, आणि खाडीच्या दोन्ही काठांचे तोंड दक्षिणेकडे वळले.

परंतु येथे किल्ले होते, नगर नव्हते. आगरी, कोळी व ख्रिस्ती वस्तीची गावे, मिठागरे आणि बंदर हेच येथील जीवन होते. नगरपरिषद झाली ती १९८५ साली, आणि महानगरपालिका २००२ साली. १९९१ च्या जनगणनेत १,७५,६०५ असलेली लोकसंख्या २००१ मध्ये ५,२०,३८८ व २०११ मध्ये ८,०९,३७८ झाली. ऐतिहासिक स्थळ आणि ऐतिहासिक नगर ह्यांतील भेद येथे नेमका दिसतो. स्थळाला स्मृती असते. नगराला स्मृतीबरोबर संस्था, मैदाने आणि नावाने जमणारा समुदाय असतो. क्रीडागटांची मांडणी दुसऱ्याला ओळखते, पहिल्याला नाही. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन वसई पालघर जिल्ह्यात गेली व भाईंदर ठाण्यात राहिले, तेव्हा खाडी पुन्हा एकदा सीमा झाली. पण विद्यापीठ व क्रिकेट ह्यांच्या नकाशांवर दोन्ही काठ मुंबईचेच राहिले. चर्चगेटपासून सुमारे ४३ किलोमीटरवर असलेल्या ह्या वस्तीतील खेळाडूस निवडीसाठी आणि मोठ्या सामन्यासाठी मुंबईच्या जुन्या मैदानांकडे जावे लागते, हा ह्या इतिहासाचा व्यवहारातील अर्थ.

निष्कर्ष असा की, १९४९ नंतरच्या फेरमांडणीत जी केंद्रे टिकली, ती बहुतेक अशा नगरांत होती जेथे निष्ठा कायद्यापूर्वीच जमली होती. ही निष्ठा इतिहासाच्या वैभवातून आपोआप उपजत नाही. पुण्यात ती महाविद्यालये व क्रीडासंस्था ह्यांनी, कोल्हापुरात तालमींनी, वडोद्यात राजाश्रयाने घडविली. मीरा-भाईंदरसारख्या आठ लाखांवर वस्तीच्या शहरास भविष्यात स्वतःचे क्रीडाकेंद्र लाभावयाचे असेल, तर ते नव्या सीमारेषेने लाभणार नाही. मैदाने आणि वर्षानुवर्षे चालणाऱ्या स्पर्धा ह्यांनीच लाभेल. प्रादेशिक इतिहासाच्या अभ्यासकानेही सनदा व तहनाम्यांबरोबर सामन्यांची वेळापत्रके आणि संघांच्या याद्या साधन म्हणून तपासावयास हव्यात. कोण कोणत्या नावाने खेळला, हे कळले म्हणजे तो कोणत्या नगराला आपले मानत होता, आणि कोणते नगर त्याला आपले मानत होते, ह्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळू लागतात. ती उत्तरे नेहमी एकच असतात असे नाही.